लिंबू-टिंबूला खेळात घ्या!



गेल्या वर्षीच्या दिवाळीआधीची गोष्ट. माझा नातू तिसरीत आहे. एका रात्री जेवताना तो हसत हसत सांगू लागला, की त्यांच्या वर्गातला एक मुलगा बोलताना अडखळतो. मधल्या सुट्टीत चार-पाच मुले त्याला भिंतीशी उभे करतात आणि म्हणतात, ‘चल, अपना नाम बोल.’ तो बोलू लागला की बाकीचे सेकंद मोजतात. मी विचारले, “आणि तू काय करतोस रे?” तो म्हणाला, “मी काहीच नाही करत, आजोबा. मी फक्त मोजतो.”

घरातल्या मोठ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आपल्या मुलाला कोणी त्रास देत नाही ना, मग झाले! सूनबाईंनी “असे करू नये हं” म्हटले आणि विषय वरणभाताबरोबर संपला. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही. माझा नातू मार खाऊन आला असता, तर मी दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या फाटकावर उभा राहिलो असतो. तो मोजून आला, म्हणून आम्ही सगळे गप्प बसलो.

म्हणून हा लेख. काही वाचकांना तो बोचेल. बोचावा, अशीच इच्छा आहे.

आपण भोपाळची जुनी मराठी माणसे. १ नोव्हेंबर १९५६ ला नवा मध्य प्रदेश झाला, भोपाळ राजधानी झाली, तेव्हा कोणी नागपूरच्या सचिवालयातून आले, कोणी ग्वाल्हेरहून, कोणी इंदूरहून. पुढे भेलच्या कारखान्याने आणखी कुटुंबे आणली. दोन-तीन पिढ्यांत आपण इथे घरे बांधली, गणपती बसवले, मंडळे काढली, हॉल उभे केले. ‘संस्कार’ हा शब्द आपल्या कोणत्याही सभेत दहादा तरी उच्चारला जातो. मुले बिघडली असे वाटले की आपला उपाय ठरलेला: श्लोक पाठांतर स्पर्धा, वक्तृत्व स्पर्धा आणि एका पाहुण्याचे व्याख्यान. तोंडाने ‘मनाचे श्लोक’ म्हणणारा मुलगा मधल्या सुट्टीत दुसऱ्याचे अडखळणे मोजत असेल, तर त्या पाठांतराचे करायचे काय?

शाळा काय करतात?

शाळांकडे कागद भरपूर आहेत. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी घातली. पण ते कलम मोडणाऱ्यावर कारवाई व्हायची ती सेवानियमांनुसार, म्हणजे त्याचा रोख शिक्षक-कर्मचाऱ्यांवर. मुलाने मुलाला छळले तर काय, याचे उत्तर त्यातून सहज मिळत नाही. मार्च २०१५ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने, म्हणजे सीबीएसईने, आपल्या शाळांना दादागिरीविरोधी समित्या नेमण्याच्या सूचना दिल्या. समितीत उपप्राचार्य, ज्येष्ठ शिक्षक, डॉक्टर, समुपदेशक, पालकांचा प्रतिनिधी, अगदी कायद्याचा जाणकारसुद्धा! सूचना चांगल्याच होत्या. पण तिसरीतला मुलगा अशा समितीकडे अर्ज घेऊन जाईल का? आणि समितीची बैठक होते प्राचार्यांच्या खोलीत, तर मूल भिंतीशी उभे केले जाते पाण्याच्या टाकीमागे.

मग येतो कॅमेरा. कॅमेऱ्याला मारामारी दिसते. ‘तू आमच्यात नाहीस’ हे वाक्य त्याला दिसत नाही. डबा उघडल्यावर शेजारचे दोघे उठून दुसरीकडे बसतात, तेही दिसत नाही. लहान वयातली दादागिरी बरीचशी अशीच असते. ठोसा क्वचित, वाळीत टाकणे रोजचे.

हा प्रश्न आपल्याच शहराचा आहे असे नाही. युनेस्कोने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगभरातल्या जवळजवळ तीनपैकी एका विद्यार्थ्याला आदल्या महिन्याभरात बरोबरीच्या मुलांकडून त्रास झालेला होता. नॉर्वेत १९८२ च्या अखेरीस तीन मुलांनी आत्महत्या केल्या, त्यानंतर १९८३ मध्ये तिथे देशव्यापी मोहीम सुरू झाली आणि डॅन ओल्वेयस या मानसशास्त्रज्ञाने शाळांसाठी कार्यक्रम आखला. त्याने दादागिरीची ओळख सांगितली ती आजही सगळे मानतात: मुद्दाम दिलेला त्रास, पुन्हा पुन्हा दिलेला, आणि ज्याला तो दिला जातो त्याला स्वतःचा बचाव करणे कठीण.

पुढे फिनलंडच्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. दादागिरी ही दोघांमधली गोष्ट नसते. तिच्याभोवती कडे असते. एक दादा, एकदोन साथीदार, काही हसणारे, काही बाजूला सरकणारे आणि एखादा मध्ये पडणारा. हसणारे हसायचे थांबले की दादाचा निम्मा जोर संपतो. फिनलंडचा ‘किवा’ नावाचा शालेय कार्यक्रम याच पायावर उभा राहिला.

माझा नातू त्या कड्यात उभा होता. तुमचाही कदाचित असेल. विचारून पाहा.

गल्लीचे कायदे

आता माझा मुद्दा. मधल्या सुट्टीतले हे कडे मोडायचे असेल, तर त्याच मुलांना दुसऱ्या कड्यात उभे करावे लागेल. असे कडे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तयार आहे. त्याचे नाव खेळ. प्रशिक्षकाच्या शिट्टीवर चालणारा नव्हे, गल्लीतला.

यावर कोणी म्हणेल, आले हे आजोबा आपल्या आठवणी घेऊन! जरा थांबा. आठवणी बाजूला ठेवू आणि त्या खेळांची घटना तपासू. घटना म्हणजे राज्यघटनेतली घटना.

पहिले कलम : चकणे. राज्य कोणावर, हे ठरवायला तिघे तिघे हात एकत्र आणून तळवे उलटे-सुलटे टाकत. वेगळा पडला तो सुटला. शेवटी उरला त्याच्यावर राज्य. यात ताकदीचा, पैशाचा, बापाच्या हुद्द्याचा संबंध नाही. अधिकाऱ्याचा मुलगा आणि चपराशाचा मुलगा यांचे तळवे सारखेच पडत.

दुसरे कलम : राज्य. जगात इतरत्र राज्य मिळावे म्हणून लोक जिवाचा आटापिटा करतात. आमच्या खेळात राज्य ‘येते’, आणि ते आले की माणूस एकटा पडतो. सगळे त्याला हुलकावण्या देतात, चिडवतातसुद्धा. पण ते राज्य कोणाकडेच कायम राहत नाही. आत्ता तुझ्यावर, मग माझ्यावर. एकटे पडणे म्हणजे काय असते, ते प्रत्येक मूल रोज संध्याकाळी पाच मिनिटे अनुभवते आणि नंतर पुन्हा घोळक्यात येते. शाळेतल्या दादागिरीत नेमके हेच घडत नाही. तिथे राज्य एकाच मुलावर येते आणि वर्षभर उतरत नाही.

तिसरे कलम : भिडू. दोन संघ पाडायचे तर साधारण एका ताकदीची दोन मुले बाजूला जात, गुपचूप दोन टोपणनावे घेत आणि दोन्ही प्रमुखांपुढे येऊन विचारत, कोणाला कोण हवे? प्रमुख नाव निवडी, मूल नव्हे. त्यामुळे संघ समतोल होत, आणि ‘शेवटपर्यंत कोणी घेतलाच नाही’ अशी मानहानी कोणाच्या वाट्याला येत नसे. आता शाळेतला पीटीचा तास पाहा. दोन कप्तान पुढे, बाकी वर्ग रांगेत, एकेकाचे नाव पुकारले जाते. शेवटी उरलेल्या मुलाकडे पाहून कप्तान म्हणतो, ‘सर, इसे आप उधर दे दो.’ तीस मुलांसमोर, शिक्षकाच्या देखरेखीखाली, दर आठवड्याला. दादागिरीचे बीज तिथे आपणच पेरतो.

चौथे कलम : लिंबू-टिंबू. यावर मी अडून बसणार आहे, कारण इतकी शहाणी सोय मला कोणत्याही परिपत्रकात सापडलेली नाही. सर्वांत लहान, सर्वांत हळू, आजारातून उठलेले, कोणाचे तरी शेपूट होऊन आलेले धाकटे भावंड, या सगळ्यांना खेळात घ्यायचे. त्यांनी पळायचे, लपायचे, ओरडायचे. बाद झाले तरी त्यांच्यावर राज्य नाही. हळूहळू अंगात बळ आले की एक दिवस ते मूल स्वतःच सांगे, ‘मी आता लिंबू-टिंबू नाही, माझ्यावर राज्य द्या.’ तो दिवस त्याच्या मुंजीपेक्षा मोठा! कमजोराला बाहेर काढायचे नाही आणि त्याच्यासाठी खेळही थांबवायचा नाही, ही तोड कोणा शिक्षणतज्ज्ञाने नव्हे, गल्लीतल्या पोरांनी काढली.

पाचवे कलम : टाइमप्लीज. अंगठा ओठाला लावला की खेळ थांबला. चप्पल तुटली, दम लागला, रडू आले, कारण काहीही असो. ‘थांब’ म्हणण्याचा हक्क प्रत्येकाला आणि तो मानण्याचे बंधन प्रत्येकावर. भिंतीशी उभ्या केलेल्या त्या मुलाकडे हाच हक्क नव्हता.

आता एकेक खेळ घ्या. साखळीत जो सापडतो तो बाहेर बसत नाही, हात धरून साखळीत येतो. विषामृतात, ज्याला इथली मुले बर्फ-पानी म्हणतात, गोठलेल्याला सोडवायला कोणीतरी धोका पत्करून यावेच लागते. मध्ये पडणारा तयार करायचा तो असा, भाषण देऊन नव्हे. लगोरीत नेम एकाचा, पळणे दुसऱ्याचे, आणि सात चकत्या झटकन रचणारे बोट तिसऱ्याचे. डबा ऐसपैसमध्ये सगळे पकडले गेले असताना कुठेतरी दडलेले सर्वांत किरकोळ पोर धावत येते, डब्याला लाथ मारते आणि सगळ्यांची सुटका करते. वर्गातल्या सर्वांत दुर्लक्षित मुलाला सगळ्यांचा तारणहार होण्याची अशी संधी गणिताच्या तासाला कधी मिळते का?

आणि भांडणे! ती तर हवीतच. ‘लागला’ – ‘नाही लागला’ यावर दहा मिनिटे वाद घालायचा, पण खेळ मोडू द्यायचा नाही, कारण खेळ मोडला तर दोघांचेही नुकसान. हे शिक्षण पंच आला की संपते.

पण सोन्याचे दिवस वगैरे नव्हते

इथे मला एक कबुली द्यायची आहे. माझे बालपण तात्या टोपे नगरच्या सरकारी घरांमध्ये गेले. ती घरे आता स्मार्ट सिटीसाठी पाडली गेली. समोरच्या मोकळ्या जागेत नागपूरची, रीव्याची, ग्वाल्हेरची मुले आणि जुन्या भोपाळमधून आलेल्या उर्दू बोलणाऱ्या कुटुंबाचे दोघे भाऊ, असे आम्ही सगळे एकत्र खेळत होतो. आम्ही लगोरी म्हणायचो, ती मुले पिट्ठू किंवा सितोलिया म्हणायची. मी स्वतः दमेकरी होतो आणि दोन वर्षे लिंबू-टिंबू होतो.

पण त्याच मोकळ्या जागेच्या कडेला निंबाखाली एक मुलगा उभा असे. आमच्या लाइनीतल्या सफाई कामगाराचा मुलगा. विटी नालीत गेली की आम्ही त्याला हाक मारायचो. तो ती काढून द्यायचा, आम्ही पाण्याखाली धुऊन घ्यायचो. त्याला कोणी मारले नाही, चिडवले नाही. पण त्याच्यावर कधी राज्य आले नाही. तीन-चार वर्षांत एकदाही नाही. आमच्या त्या उत्तम घटनेत त्याचे नावच नव्हते.

तेव्हा ‘आमच्या वेळी असे नव्हते’ म्हणणाऱ्यांनी जरा जपून बोलावे. आमच्या वेळीही वाळीत टाकणे होते, फक्त ते इतके नेहमीचे होते की डोळ्यांना दिसत नव्हते. मुलींना डोंगर-पाणी किंवा लंगडीपुरते घेत, विटी-दांडूत नाही. आबाधुबीत चेंडू नेमका कोणाच्या पाठीत जोरात बसायचा, हे सगळ्यांना ठाऊक असे. कोणावर मुद्दाम राज्यावर राज्य लादले जाई, आणि तो रडला की ‘रडीचा डाव’ म्हणून आणखी हिणवले जाई. खेळ आपोआप कोणाला सज्जन करत नाही. खेळाचे नियम चांगले आहेत, पण खेळात कोणाला घ्यायचे हे ठरवणारी माणसे आपण आहोत. म्हणूनच हा प्रश्न संस्कृतीच्या अभिमानाचा नाही, धोरणाचा आहे.

संग्रहालयातले खेळ

सरकारला खेळांचे वावडे आहे असे नाही. उलट कौतुक फार! आपल्या राज्याने २०१६ मध्ये आनंद विभाग काढला, आणि २०१७ पासून जानेवारीत आनंद उत्सव भरू लागले. रस्सीखेच, पोत्याची शर्यत, पिट्ठू. श्यामला हिल्सवरच्या जनजातीय संग्रहालयात, जे २०१३ मध्ये उघडले, ‘रक्कू’ नावाचे संपूर्ण दालन आदिवासी मुलांच्या खेळांना दिलेले आहे. दालन सुरेख आहे, नातवंडांना घेऊन जरूर जा. पण बाहेर पडताना स्वतःला विचारा: खेळ संग्रहालयात पोहोचला, याचा अर्थ काय?

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने देशी खेळ आणि बिनदप्तराचे दिवस सुचवले. २०२२ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या भारतीय ज्ञान परंपरा विभागाने शाळांसाठी ७५ भारतीय खेळांची यादी पुढे केली. गिल्ली-डंडा आहे, लंगडी आहे, आनंदाची गोष्ट. पण मला धास्ती एकाच गोष्टीची वाटते: याचीही स्पर्धा होईल. तालुका, जिल्हा, संभाग, राज्य. मग निवड चाचणी, मग ट्रॅकसूट, मग आमदारांच्या हस्ते ढाल.

आपल्या मराठी खेळांचा इतिहास इथे डोळ्यांपुढे ठेवण्यासारखा आहे. १९१४ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम बांधले. बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने पुढे कबड्डीच्या नियमांना आकार दिला. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि पुरुष व महिला दोन्ही गटांत भारत जिंकला. मल्लखांब तर २०१३ पासून आपल्या मध्य प्रदेशचा राज्य खेळ आहे. या सगळ्याचा मला अभिमान आहे. पण हे यश निवडक खेळाडूंचे आहे. खो-खोच्या संघात नऊ जण मैदानात उतरतात. वर्गात चाळीस असतील तर उरलेले एकतीस टाळ्या वाजवतात. आपला तो अडखळणारा मुलगा त्या एकतिसांत असणार, आणि त्यातही कडेला. स्पर्धेला लिंबू-टिंबू परवडत नाही.

तेव्हा मागणी ‘देशी खेळ सुरू करा’ एवढीच करून भागणार नाही. मागणी अशी हवी: रोज, सगळ्यांसाठी, ढालीशिवाय.

याचा उपयोग होतो याला पुरावा काय, असे कोणी विचारील. विचारलेच पाहिजे. इंग्लंडच्या आयोना आणि पीटर ओपी या दांपत्याने मुलांचे खेळ वर्षानुवर्षे टिपून १९६९ मध्ये ग्रंथ लिहिला. गल्लीत मोकळी खेळणारी मुले शाळेच्या कुंपणात अधिक आक्रमक होतात, असे त्यांचे निरीक्षण होते. अमेरिकेत ‘प्लेवर्क्स’ ही संस्था शाळांच्या मधल्या सुट्टीत साधे सामूहिक खेळ लावून देते. तिच्या कामाची २०१३ च्या सुमारास शाळांचे दोन गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडून तपासणी झाली. जिथे खेळ लावून दिले, तिथल्या शिक्षकांनी सुट्टीतल्या दादागिरीला आणि वगळण्याला दिलेली पातळी दुसऱ्या गटापेक्षा ४४ टक्क्यांनी कमी होती. हे शिक्षकांचे मत आहे, मुलांचे नव्हे, हे लक्षात ठेवू. तसेच २०१९ मध्ये जगभरच्या शालेय कार्यक्रमांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात त्रास देण्याचे प्रमाण सुमारे १९-२० टक्क्यांनी आणि त्रास सोसण्याचे १५-१६ टक्क्यांनी घटलेले दिसले. म्हणजे जादूची कांडी कोणाकडेच नाही. पण सहा-सातांतला एक मुलगा वाचत असेल, तर तो कोणाच्या तरी घरचा आहे.

आणि एक गोष्ट निक्षून सांगतो. जिथे मारहाण आहे, पैसे उकळणे आहे, अंगाशी नको ते चाळे आहेत, तिथे खेळ हा उपाय नव्हे. तिथे मोठ्यांनी त्याच दिवशी हस्तक्षेप करायचा. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे, तो प्रत्येक घरात माहीत हवा.

नेहमीचे आक्षेप

‘अभ्यास बुडतो.’ शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितले आहे. दिवसाला चार तास होतात. त्याखेरीज वीस मिनिटे निघत नाहीत, हे मी मानत नाही.

‘जागा नाही.’ त्याच कायद्याच्या परिशिष्टात क्रीडांगण सांगितलेले आहे. कॉलनीतल्या बंगल्यात शाळा निघते, गॅरेजमध्ये नर्सरी भरते आणि आपण मुकाट्याने फी भरतो. आपण कधी विचारले का, मैदान कुठे आहे? तरीही मी म्हणतो, विषामृताला आणि सागरगोट्यांना स्टेडियम लागत नाही.

‘पडतील, लागेल.’ लागेल. गुडघा आठ दिवसांत भरतो. ‘आमच्यात तू नको’ ही जखम पन्नाशीतही ओली असते. ज्यांना झाली आहे त्यांना विचारा.

‘हे हिंदी प्रदेशात मराठी खेळ लादणे नाही का?’ मुळीच नाही. विटी-दांडू आणि गिल्ली-डंडा, लगोरी आणि सितोलिया ही एकाच खेळाची नावे आहेत. किंबहुना आपल्या मुलांना ‘तुम मराठी लोग’ म्हणून कोणी बाजूला काढू नये, असे वाटत असेल, तर आधी आपण कोणाला बाजूला काढू नये.

मग करायचे काय?

एक : येत्या पालक सभेत गुणपत्रिकेआधी तीन प्रश्न विचारा. मधल्या सुट्टीत मैदानावर शिक्षक असतात का? पहिली ते पाचवीला रोज सर्वांसाठी खेळ आहे का? पीटीत संघ कसे पाडतात? सरकारी शाळेत व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात पालकांचे बहुमत असते. तिथे हे ठराव मांडता येतात.

दोन : शाळांनी रोज वीस मिनिटे द्यावीत. दोन-तीन इयत्ता एकत्र कराव्यात, कारण लिंबू-टिंबू ही कल्पना मिश्र वयातच जगते. शिक्षकाने खेळ शिकवावा, कोण बाहेर उभे आहे ते पाहावे आणि शिट्टी खिशात ठेवावी.

तीन : आपल्यातल्या निवृत्तांनी वेळ द्यावा. शाळेने रीतसर ओळख तपासून घ्यावी, त्यात कोणी कमीपणा मानू नये.

चार : नगर निगमच्या ८५ प्रभागांपैकी ज्या ज्या प्रभागात आपली घरे आहेत, तिथे नगरसेवकाला विचारा, की उद्यानात ‘खेलना मना है’ ही पाटी का? मते मागायला येणाऱ्याकडून रस्ता, नाली, पाणी यांच्या जोडीला मुलांच्या खेळण्याच्या जागेचे लेखी आश्वासन घ्या. तो कोणत्या पक्षाचा आहे, याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही.

पाच, आणि हे आपल्याच घरातले : आपल्या मंडळांच्या हॉलची अंगणे लग्नाच्या मोसमाबाहेर कुलूपबंद असतात. रविवारी सकाळी दोन तास ती उघडा. मराठी मुलांसाठीच नव्हे, वस्तीतल्या सगळ्या मुलांसाठी. हॉल झाडायला येणाऱ्या बाईंच्या मुलांसाठी आधी. स्पर्धा नाही, प्रमाणपत्र नाही, व्यासपीठ नाही. कार्यकारिणीला हे जड जाईल, कारण यात सत्कार कोणाचाच होत नाही.

माझ्या नातवाचे काय झाले, ते सांगून थांबतो. मी त्याच्या वर्गशिक्षिकांना भेटलो. त्यांनी कपाळाला आठ्या न घालता ऐकून घेतले आणि शनिवारची वीस मिनिटे दिली. मी मुलांना डबा ऐसपैस शिकवले. पहिल्या शनिवारी गोंधळ झाला. दुसऱ्याही. तिसऱ्या शनिवारी सगळे पकडले गेले होते, एक जण सापडत नव्हता. तो अडखळणारा मुलगा जिन्याखाली दडला होता. तो आला आणि त्याने डबा उडवला. काही बोलावे लागले नाही.

म्हणून त्याचे बोलणे सुधारले नाही. एक मुलगा अजूनही त्याला त्रास देतो, त्याच्याशी शिक्षिका वेगळे बोलत आहेत. एका वर्गावरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळते. पण परवा मी नातवाला विचारले, “अजून मोजतोस का रे?” तो म्हणाला, “नाही आजोबा. तो माझा भिडू आहे.”

एवढे आपल्या प्रत्येक घरात ऐकू यावे, अशी इच्छा आहे. पुढच्या सभेत मी अंगण उघडण्याचा ठराव मांडणार आहे. अनुमोदक हवा आहे.